हळदीने कॅन्सरचा रक्तपुरवठा तुटतो? लॅबमधल्या त्या फोटोंचं खरं काय ते वाचा

सध्या गोव्यात फोंडा-म्हापशाकडच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, सोबत दोन फोटो, एकात नळ्यांचं जाळं आणि दुसऱ्यात नुसते ठिपके. खाली लिहिलंय की माणसाच्या पेशींवर सिद्ध झालंय, हळद एका रात्रीत कॅन्सरच्या रक्तवाहिन्या बंद करते, कंपन्या हे लपवतात, साइड इफेक्ट शून्य, केमोची गरज नाही. आमच्या वाड्यावरच्या एक काकी बांबोळीच्या हॉस्पिटलात केमो घेतायत, त्या पुढची तारीख सोडायचं बोलायला लागल्या म्हणून मेसेजमधला एकेक दावा घेऊन हे लिहितेय.

"रक्तपुरवठा तोडला की गाठ उपाशी मरते." यातली मूळ कल्पना खरी आहे. ज्युडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं की गाठीला एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. पण वाढ अडणं वेगळं आणि गाठ मरून जाणं वेगळं.

"एका रात्रीत बंद." फोटोंतला हा प्रयोग लॅबमध्ये कसा करतात ते बघा. त्यासाठीचं जेल थंड असताना पातळ असतं, ते छोट्या छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये घालून 37 अंशांवर घट्ट करतात, वर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी सोडतात, आणि काही तासांत त्या लांबट होऊन एकमेकींना चिकटून मधमाशांच्या पोळ्यासारखं जाळं करतात, बघायला खरंच सुंदर दिसतं. पण साधारण दिवसभरात हे जाळं काहीच न घालता आपोआप तुटायला लागतं, म्हणजे फोटो कितव्या तासाला काढला ते कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. आणि डोस जास्त झाला तर पेशी मरतात, मेलेल्या पेशी नळ्या कुठून करणार? म्हणून पेशी जिवंत होत्या का याची टेस्ट सोबत लागतेच, मेसेजमध्ये तिचा पत्ताच नाहीये.

"माणसाच्या पेशी आहेत म्हणजे माणसात चालणारच." या पेशी बहुतेक वेळा बाळाच्या नाळेतल्या शिरेच्या असतात आणि खालचं जेल उंदराच्या ट्युमरपासून काढलेलं. त्यात वाहतं रक्त नाही, लिव्हर नाही, गाठ तर नाहीच. लॅबच्या डिशमध्ये औषध थेट पेशींवर पडतं, पोटातून घेतलेलं कर्क्युमिन (हळदीतलं ज्याच्यावर हा सगळा दावा आहे ते द्रव्य) मात्र रक्तात जेमतेम पोचतं, रोज 8 ग्रॅम घेणाऱ्या पेशंटांच्या रक्तातसुद्धा ते फार थोडं सापडलं. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के, म्हणजे 8 ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद! जेवणातली हळद, पातोळ्यांना लागणारी हळदीची पानं, हे सगळं खुशाल खा, पण तो कॅन्सरचा उपचार नव्हे.

"कंपन्या लपवतात." उलट रक्तपुरवठा तोडायच्या याच कल्पनेवरचं बेवासिझुमॅब हे औषध 2004 पासून अमेरिकेत बाजारात आहे, आणि आतड्याच्या कॅन्सरसाठी ते मंजूर झालं तेच केमोच्या सोबत, केमोऐवजी नाही. ब्रेस्ट कॅन्सरसाठीची त्याची मंजुरी तिथे 2011 मध्ये काढून घेतली, कारण पेशंट त्याने जास्त जगतात असं दिसलं नाही. डिश, उंदीर सगळं पार करून आलेल्या औषधाची ही गत.

"साइड इफेक्ट शून्य, कारण नव्या रक्तवाहिन्या फक्त गाठीतच होतात." साफ चूक. जखम भरताना होतात, दर महिन्याला गर्भाशयाच्या अस्तरात होतात, गरोदरपणात होतात. म्हणूनच बेवासिझुमॅब ठरलेल्या ऑपरेशनच्या निदान 28 दिवस आधी थांबवतात, नाहीतर टाके भरायला वेळ लागतो. तेव्हा ज्या ग्रुपवर तो मेसेज आला तिथे हेही टाका, आणि घरात कुणाची केमो चालू असेल तर हळदीच्या कॅप्सूल सुरू करण्याआधी ती डबी डॉक्टरांना दाखवा, केमोची तारीख मात्र चुकवू नका.