मावशींच्या रिचार्जमधले पंचेचाळीस रुपये

परवा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला. दोन टक्के लोक टॅक्स भरतात आणि बाकीचा देश त्यांच्या जिवावर बसून खातो, खाली लाडकी बहीणचे पंधराशे रुपये आणि लालबुंद झालेले इमोजी. मग एकेक जण सुरू झाला, आमच्या पैशावर मतं विकत घेतायत, टॅक्स न भरणाऱ्याला मतदानाचा हक्कच नको वगैरे. मी सहसा ग्रुपवर वाद घालत नाही पण ह्या वेळी राहवलं नाही, आणि तिथं लिहिलेलं सगळं अर्धवट राहिलं म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

मी सांगलीत बावीस वर्षं लोकांचे रिटर्न भरतेय. छोटं ऑफिस आहे, पगारदार, दुकानदार, थोडे डॉक्टर, थोडे बागायतदार. त्यामुळं टॅक्सबद्दल लोक काय बोलतात आणि प्रत्यक्षात काय करतात हे दोन्ही माझ्या टेबलावर येतं.

पहिल्यांदा एक कबूल करते, पगारदाराचा राग खोटा नाही. त्याचा टीडीएस पगार हातात यायच्या आधीच कापलेला असतो. धंदा किंवा प्रॅक्टिस करणाऱ्याला गाडी, पेट्रोल, ऑफिसचं भाडं, सगळा खर्च दाखवून उरलेल्या नफ्यावर टॅक्स भरता येतो, पगारदाराला आयकराच्या नवीन रेजीममध्ये, म्हणजे नव्या पद्धतीत, 75,000 चं स्टँडर्ड डिडक्शन म्हणजे सरसकट वजावट आणि बाकी जवळपास काही नाही. 2023-24 मध्ये केंद्राला लोकांच्या वैयक्तिक आयकरातून 10 लाख कोटींच्या वर मिळाले आणि कंपन्यांच्या टॅक्समधून 9 लाख कोटींच्या आसपास, म्हणजे माणसं कंपन्यांपेक्षा जास्त भरतायत. एवढं भरून रस्त्यावर खड्डे, सरकारी दवाखान्यात औषध बाहेरून आणा, पोरांच्या शाळेची फी लाखात. चिडणारच माणूस. मी पण चिडते.

पण राग चुकीच्या माणसावर निघतोय, माझं म्हणणं एवढंच आहे.

आमच्याकडं स्वयंपाकाला मावशी येतात. तीन घरी काम करतात, महिन्याला साधारण बारा हजार होतात. पॅन कार्ड आहे पण रिटर्नचा काही संबंध नाही, म्हणजे फॉरवर्डच्या हिशोबानं त्या फुकट खाणाऱ्यांत. आता त्यांचा महिना बघा. मोबाईलचं 299 चं रिचार्ज, त्यातच 18 टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे पंचेचाळीस रुपये सरकारला. गॅस सिलेंडरवर 5 टक्के, गोडेतेलावर 5 टक्के, चहा पावडरवर 5 टक्के. मागच्या पावसाळ्याच्या आधी घरावर नवीन पत्रे घातले, त्यावर 18 टक्के. पोराच्या गाडीत पेट्रोल, ते तर जीएसटीतच नाही, त्यावर केंद्राची एक्साइज वेगळी आणि राज्याचा व्हॅट वेगळा. साबण आणि टूथपेस्ट 22 सप्टेंबर 2025 पर्यंत 18 टक्क्यांत होते, त्या दिवसापासून 5 वर आले, ते चांगलं झालं आणि व्हायलाच हवं होतं, पण त्याआधीची आठ वर्षं त्यांनी 18 नंच भरले की.

आणि दुकानदारानं खरेदीवर भरलेला जीएसटी त्याला पुढं क्रेडिट मिळतो, म्हणजे त्याच्या देण्यातून वजा होतो, कंपनीला पण मिळतो, मावशींना कुठलं क्रेडिट? साखळीत शेवटी जो उभा असतो त्याच्याच खिशातून सगळं जातं आणि त्याच्या नावावर मात्र कुठंच काही दिसत नाही. पगारदाराला टॅक्स कापल्याचा दाखला म्हणून फॉर्म सोळा मिळतो, मावशींना तसा कुणी देत नाही. लाखभर पगार असणाऱ्याच्या साबणाच्या वडीवर जेवढा टॅक्स तेवढाच मावशींच्या वडीवर, फक्त एकाच्या पगारात तो दिसत पण नाही आणि दुसरीच्या बारा हजारांत तो टोचतो. लाखवाला महिन्याला पन्नास हजार बाजूला टाकू शकतो, त्यावर जीएसटी लागत नाही, मावशींचे बाराच्या बारा हजार खर्च होतात. 2023-24 ला जीएसटीचं एकूण कलेक्शन 20 लाख कोटींच्या वर होतं. वैयक्तिक आयकराच्या जवळपास दुप्पट. हे काय फक्त दोन टक्क्यांनी भरलं?

दुसरी गोष्ट, आणि ही मी ग्रुपवर लिहिल्यावर बराच वेळ सगळे गप्प झाले. 1 एप्रिल 2025 पासूनच्या उत्पन्नाला नवीन रेजीममध्ये 12 लाखांपर्यंत टॅक्स शून्य आहे, पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत. माझ्याकडचे बरेचसे शिक्षक, बँकेतले क्लार्क, नर्स, कारखान्यातले सुपरवायझर ह्या नियमानं शून्यात आले. मला आनंद आहे, मी स्वतः त्यांना हिशोब करून दाखवला आणि त्यांचे चेहरे खुलले. पण मग आता त्यांना कोण म्हणणार की तुम्ही टॅक्स भरत नाही, तुमचा मतदानाचा हक्क काढा? वर्षाला बारा लाख मिळवणारा शून्य आयकर भरून पण स्वतःला टॅक्सपेअर म्हणतो, ते बरोबरच आहे कारण तो जीएसटी भरतो, पेट्रोलवर भरतो, घरपट्टी भरतो. मग हाच न्याय मावशींना का नाही?

आणि जे खरंच बुडवतात त्यांच्याबद्दल एक फॉरवर्ड येत नाही. जुन्या रेजीमच्या काळात दर जूनमध्ये माझ्याकडं लोक यायचे, टॅक्समध्ये सूट घ्यायला घरभाड्याच्या पावत्या बनवून द्या म्हणून, राहतात स्वतःच्या घरात. कुणी म्हणायचं पार्टीला देणगी दाखवा, कमिशन कापून कॅश परत मिळते. मी नाही म्हटलं की शेजारच्या गल्लीत जाऊन करून घ्यायचे. फ्लॅट घेताना खरेदीखतात फक्त रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारी दराचा भाव आणि वरचे रोख हातात, ह्यात दोन्ही बाजूला शिकलेली, चांगल्या पगाराची माणसं असतात. सोनं घेताना बिल नको, म्हणजे 3 टक्के वाचतात. ह्यातलं काहीही मावशींना करता येत नाही हो. त्यांना रिचार्ज बिलाशिवाय मिळत नाही.

शेतकऱ्याचं पण तसंच. शेती उत्पन्नाला आयकर नाही म्हणून सगळ्या शेतकऱ्यांना फुकटे ठरवून मोकळे. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचारा एका हंगामात फवारणीच्या औषधांचं बिल किती होतं, त्या औषधांवर 18 टक्के, खतावर 5, आणि द्राक्षावर जीएसटी नाही म्हणून भरलेल्याचं क्रेडिट पण नाही. दोन एकरवाल्याला आयकर लावला तरी त्याचा टॅक्स शून्यच निघेल. हां, ज्यांचं दुसरंच उत्पन्न शेतीच्या नावावर येऊन बसतं, एकरी अशक्य आकडे दाखवले जातात, त्यांच्यावर टॅक्स बसलाच पाहिजे, मी त्या बाजूची आहे. 1972 मध्ये केंद्र सरकारच्या राज समितीनं मोठ्या शेतीवर कर कसा लावावा हे सांगून ठेवलंय. कुणी हात लावला नाही कारण मोठ्या जमिनी कुणाच्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

लाडकी बहीणचा खर्च वर्षाला 46,000 कोटी धरला होता. त्यावर चर्चा जरूर करा, निवडणुकीच्या तोंडावर योजना आणणं मला पण पटलेलं नाही. पण 20 सप्टेंबर 2019 ला कंपन्यांचा टॅक्स 30 वरून 22 टक्क्यांवर आणला तेव्हा सरकारनंच सांगितलं होतं की वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी सोडून देतोय. तो केंद्राचा निर्णय, हा राज्याचा, दोन वेगळ्या तिजोऱ्या आहेत मान्य, पण त्या वेळी आमच्या ग्रुपवर एकानं तरी आमच्या टॅक्सचे पैसे असं लिहिलं होतं का? वारसाहक्कावरचा कर 1985 ला गेला, संपत्ती कर 2015 च्या बजेटनं बंद केला. आजोबांकडून आलेल्या शंभर कोटींवर एक रुपया नाही आणि मावशींच्या पत्र्यावर 18 टक्के. मला हे खरंच सहन होत नाही.

हे काही नवीन पण नाही. 1882 ला जोतिबा फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनला निवेदन दिलं त्यात हेच होतं, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, वरच्या वर्गाकडून तिजोरीत फारसं काही येत नाही आणि खर्च मात्र वरच्यांच्या शिक्षणावर. 

आणि आपल्याच महाराष्ट्रानं एकदा ह्याच्या उलट करून दाखवलंय. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागेंची रोजगार हमी योजना गावोगाव गेली, आणि तिच्या पैशासाठी 1975 ला व्यवसाय कर लावला. पगाराच्या स्लिपवर पीटी म्हणून दोनशे रुपये कापले जातात ना, तोच. मुंबई-पुण्यातला नोकरदार भरणार आणि त्यातून दुष्काळी गावातल्या बाईला खडी फोडायचं का होईना पण काम आणि मजुरी मिळणार, असा सरळ व्यवहार होता, आणि तेव्हाच्या नोकरदारानं तो पेलला. त्याच रोजगार हमीकडं बघून 2005 ला देशाचा रोजगार हमी कायदा झाला.

आज त्याच पीटीची काय अवस्था आहे बघा. दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला वर्षाला 2,500, आणि महिन्याला पाच लाख घेणाऱ्याला पण 2,500, कारण राज्यघटनेतच कमाल मर्यादा तेवढी आहे. बायकांना 2023 पासून 25,000 पर्यंत माफ केलंय, ते बरं केलं. पण बारा हजारांवर राबणाऱ्या वॉचमनकडून मॅनेजरएवढाच टॅक्स घेणं कुठल्या हिशोबात बसतं? ती मर्यादा वाढवा, वरच्या पगारांवर वरचा दर लावा आणि खालच्यांना सोडा, ह्यासाठी संसदेत घटनादुरुस्ती लागेल तर करा, बाकीच्यांसाठी होतातच की.

ग्रुपवर मी हे थोडक्यात लिहिलं तर एकानं विचारलं, मग तू काय सांगतेस, आम्ही अजून भरायचं? मी म्हटलं नाही रे, तू भरतोयस ते बरोबर भरतोयस, तुझ्या वर जे आहेत त्यांच्याकडं बघ. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. मावशी आज सकाळी आल्या तेव्हा मी त्यांना रिचार्जचं सांगितलं, पंचेचाळीस रुपये सरकारला जातात म्हणून. त्या पोळ्या लाटता लाटता थांबल्या आणि म्हणाल्या, दर महिन्याला जातात व्हय, ताई?