न तडतडणारी मोहरी

शनिवारी सकाळी सव्वासातला माझा फोन गुरगुरला की बायको कूस बदलते आणि मी गमबूट शोधायला लागतो. ग्रुपवर आमच्या कोचचा एकच शब्द आलेला असतो : "पिच?" तो शब्द फक्त माझ्यासाठी असतो. ग्लासगोच्या दक्षिणेकडच्या, चौदा वर्षांखालच्या पोरांच्या एका फुटबॉल संघाचा मी बिनपगारी मैदान-तपासनीस आहे.

हे पद मी मागून घेतलेलं नाही. ऑगस्टमधल्या पालकसभेत कोचनं विचारलं, मैदानाच्या सगळ्यात जवळ कोण राहतं? मी भाबडेपणानं हात वर केला. त्यानंतर तरी गप्प बसावं की नाही? चहा पिता पिता सांगून बसलो की आमच्या आजोबांचा कागलकडं ऊस होता. "फार्मर!" कोच असा खूश झाला की विचारू नका. मी शिवाजी पेठेत वाढलो, उसाशी माझा संबंध रसाच्या गाड्यापुरता, हे सांगायला फुरसतच मिळाली नाही. माती कळणारा माणूस गावला म्हणून टाळ्या पडल्या होत्या.

तसं मैदान खेळण्याजोगं आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार रेफरीचा. पण आमचा रेफरी म्हणजे सतरा वर्षांचं पोरगं, दोन बस बदलून येतं. समोरचा संघ तासाभराच्या अंतरावरून. सगळी मंडळी घरातून निघायच्या आत कुणीतरी बघून यावं, एवढी माणुसकी तर पाहिजेच. ती माझ्या वाट्याला आली.

डिसेंबरात इथं सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो. त्यामुळं आठ वाजता मैदानात मी, मोबाइलची बॅटरी आणि एक कोल्हा एवढेच असतो. कोल्हा 'हे कोण येडं' अशा नजरेनं माझ्याकडं बघतो आणि कडेकडेनं निघून जातो. मैदानाच्या मधून जात नाही. निकाल खरं तर तिथंच लागलेला असतो, पण पंचनामा रीतसर व्हायला हवा.

रीत अशी. आधी टाच दाबायची. टाचेभोवती पाणी वर आलं की एक फुली. मग चार दातांचा फोर्क जमिनीत खुपसून उपसायचा. बरी जमीन असेल तर 'खस्स' होतं. आमच्याकडं 'पचक' होतं, आणि कधी कधी फोर्क बाहेर येतो पण बूट आत राहतो. शेवटी खांद्याच्या उंचीवरून बॉल सोडायचा. तो उसळला पाहिजे. आमच्या मैदानावर तो परातीत कणकेचा गोळा आपटावा तसा 'थप्प' करून बसतो आणि मग सावकाश थोडा खचतो. उत्तरेच्या कोपऱ्यात झाडांची सावली. तिथं जमीन गोठलेली, म्हणून तोच बॉल दगडावर आपटल्यासारखा थेट माझ्या नाकाकडं येतो. एकाच मैदानात ओला दुष्काळ आणि बर्फाची लादी! आपल्याकडं तलाठी निदान एका गावाला एक आणेवारी लावतो. इथं कॉर्नर फ्लॅगागणिक वेगळी लावावी लागेल. गोलपोस्टच्या पुढ्यातल्या जागेबद्दल तर काय बोलावं! पंचगंगेत म्हशी घालून बाहेर काढल्यावर काठाची जी अवस्था होते, तीच.

तुम्ही म्हणाल, पाऊस फार पडत असेल. गंमत तीच आहे. वर्षाचा आकडा काढला तर ग्लासगोचा पाऊस कोल्हापूर शहराच्याच आसपास, हजार-बाराशे मिलिमीटर. पण आपला पाऊस पाहुणा आहे. जूनमध्ये येतो, चार महिने धिंगाणा घालतो, राधानगरीचे दरवाजे उघडायला लावतो आणि दसऱ्याच्या सुमारास निरोप घेतो. इथला पाऊस घरजावई. वर्षाचे दीडशेच्या वर दिवस थोडा थोडा पडत राहतो, आवाज करत नाही आणि उठतही नाही. त्यात हिवाळ्यात ऊन नाही. माती पाच-सहा अंशांच्या खाली गेली की गवत वाढायचंच थांबतं. म्हणजे नोव्हेंबरात बुटाच्या खिळ्यांखाली जे उखडलं, ते मार्चपर्यंत उखडलेलंच. आणि हंगाम नेमका तेव्हाच भरात.

आमच्या कोल्हापुरात याबाबत शहाणपण होतं. पाऊस सरला की हंगाम सुरू, पावसाच्या तोंडावर बंद. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ एकमेकांना भिडले की अर्धं गाव तिथं. मैदान कसं आहे यावर चर्चा झालेली मला आठवत नाही, रेफरी कसा आहे यावर मात्र आठवडाभर व्हायची. तोच नियम इथं लावायचा, तर पाऊस सरायची वाट बघता बघता पोरांची लग्नं होतील.

कोल्हा गेला की कुत्रा येतो, कुत्र्यामागून एक म्हातारबाबा. हे एके काळी पार्कचे राखणदार होते, इथल्या भाषेत 'पार्की'. आता निवृत्त आहेत, पण मैदानावरचा हक्क सोडलेला नाही. रोज विचारतात, "ऑन?" मी नकारार्थी मान हलवतो. मग ते समाधानानं म्हणतात, "द गेम्स अ बोगी!" डाव मोडला, असं सांगायची ही ग्लासगोच्या गल्लीतली रीत. पुढं मला अर्धा तास मोफत व्याख्यान मिळतं.

'रेड ब्लेझ' हा शब्द मला त्यांनीच शिकवला. स्कॉटलंडच्या मध्यभागी कोळशाच्या आणि शेल नावाच्या तेलकट दगडाच्या खाणी होत्या. त्यातून निघालेल्या टाकाऊ दगडाचे डोंगर जळून विटकरी झाले. लिव्हिंगस्टनकडं जाताना असले लाल डोंगर अजून दिसतात. तो माल कुटून शाळांच्या आणि पार्कांच्या मैदानांवर पसरला. गवत नको, कापणी नको, पाण्याचा निचरा बरा, बारा महिने खेळा. कौन्सिलला आणखी काय पाहिजे? अट एकच : पडायचं नाही. बाबांनी त्या थंडीत पँट वर ओढून गुडघा दाखवला. पन्नास वर्षांपूर्वीचे लाल खडे अजून कातडीखाली होते, गोंदल्यासारखे. आमच्या तालमीची मातीही लालच. पण तिच्यात आम्ही ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती लोण्यासारखी करतो. यांनी लाल माती घेतली आणि तिच्यात पोरं घातली.

मी रद्द झालेल्या सामन्यांबद्दल कुरकुरलो की बाबा नुसते हसतात. 1963 च्या हिवाळ्यात स्कॉटिश कपमधला एअड्री आणि स्ट्रॅनरार यांचा सामना तेहतीस वेळा पुढं ढकलला होता. 1979 मध्ये इन्व्हर्नेस थिसल आणि फॉल्कर्क यांचा एकोणतीस वेळा. तेहतीस वेळा! आमच्याकडं लग्नाची तारीख एवढ्यांदा पुढं गेली तर नवरा-नवरी पळून जातात आणि वऱ्हाडाला कुणी कळवतसुद्धा नाही. मला खेळाडूंपेक्षा त्या अनामिक माणसाची दया येते, जो दर वेळी पहाटे उठून बॉल टाकून बघत असेल. 'थप्प.' पुढच्या वेळी परत 'थप्प.'

तसं बघितलं तर मुळातच हे असं आहे. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना 30 नोव्हेंबर 1872 ला इथंच, पार्टिकमध्ये झाला. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. मैदान क्रिकेट क्लबचं, पावसानं जड झालेलं. निकाल शून्य-शून्य.

आई सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडं आली आहे. तिला हे सगळं मी जेवताना सांगतो. एडिनबराच्या मरेफील्डची गोष्ट तिला फार आवडली. ते रग्बीचं मोठं स्टेडियम. गवताखाली तारा घालून जमीन गरम ठेवायची सोय त्यांनी 1959 मध्येच केली होती. "माणसांना गोधडी मिळंना आणि गवताला शेगडी," आई म्हणाली. पण 2013 मध्ये त्याच गवताच्या मुळांना सूक्ष्म कृमी लागले आणि मैदान पार विस्कटलं. औषध म्हणून त्यावर काय फवारलं असेल? लसूण.

"लसूण?" आईचा घास हातातच राहिला. "मग वरनं जरा हिंग-मोहरी तरी घालायची!"

हसलो आम्ही. पण बोलाफुलाला गाठ पडते म्हणतात, तसंच झालं.

त्या शनिवारी मी नेहमीप्रमाणं 'ऑफ' कळवलं आणि परत पांघरुणात शिरलो. तर दहा मिनिटांत कोचचा निरोप : एका शाळेचं 'थ्री-जी' रिकामं आहे, अकराला सामना तिथं. थ्री-जी म्हणजे प्लास्टिकचं गवत. पात्यांच्या मुळाशी वाळू, आणि पात्यांना उभं धरायला, बॉल नीट उसळायला जुन्या टायरांचा काळा चुरा. ना चिखल, ना पाणी. तासाभराचं भाडं भरलं की झालं. पोरांनी सहा गोल खाल्ले, पण स्वच्छ कपड्यात खाल्ले.

चिरंजीव घरी आले. बायकोनं दारातच तंबी दिली, तो चुरा कार्पेटवर सांडलास तर बघ. मागच्याच आठवड्यात वॉशिंग मशीनच्या जाळीतून तिनं मूठभर काढला होता. पोरगं बिचारं आज्ञाधारक. त्यानं स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरची एक स्टीलची वाटी घेतली, तिच्यात मोजे झटकले, बूट उपडे केले आणि आंघोळीला गेलं.

पाच मिनिटांनी आई आमटीला फोडणी द्यायला गेली. चष्मा टीव्हीपुढं राहिलेला. ओट्यावर वाटीभर मोहरी.

ती थोडी मंद दिसत होती, असं तिनं नंतर जबानीत सांगितलं. तेल तापलं, चमचाभर मोहरी पडली. तडतडली नाही. आईनं वाट बघितली. "हितली मोहरीबी गारठलीया," असं म्हणून गॅस मोठा केला. तरी नाही. मग आणखी अर्धा चमचा टाकला, कारण तिच्या मते प्रमाण चुकलं होतं. पळीतला माल हळूहळू एकमेकाला चिकटायला लागला.

वास आधी आला. दाभोळकर कॉर्नरच्या पंक्चरवाल्यानं आमच्या हॉलमध्ये दुकान थाटावं तसा. मग काळा धूर. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी 2022 पासून कायदा आहे : प्रत्येक घरात आगीची सूचना देणारे अलार्म हवेत, आणि ते एकमेकांना जोडलेले हवेत. एक ओरडला की सगळ्यांनी ओरडायचं. आमचे अत्यंत कायदेशीर आहेत. दिवाणखान्यातला, पॅसेजमधला, स्वयंपाकघरातला, सगळे एका सुरात. खालच्या मजल्यावरचे आजोबा गाऊन घालून जिन्यात आले. पोरगं साबणासकट बाहेर. मी खुर्चीवर उभा राहून टॉवेलनं अलार्मला वारा घालतोय. आणि या सगळ्यात आई पळीकडं बघत शांतपणे म्हणाली, "जुनी असंल मोहरी. दुकानदारानं फसवलं तुम्हास्नी."

तेव्हापासून प्लास्टिकच्या वादात मी जरा मन लावून बघतो. 2024 मध्ये इथल्या प्रीमियरशिपच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या क्लबांनी ठराव केला की 2026-27 च्या हंगामापासून त्यांच्या गटात प्लास्टिकचं मैदान चालणार नाही. खेळाडूंना ते नकोच होतं. बॉल वेगळा उसळतो, गुडघे दुखतात, ही त्यांची जुनी तक्रार. बरोबरच असणार. पण ठराव सोपा कुणाला? ज्यांच्याकडं गवताखाली शेगडी आहे आणि गवतावर चाकांचे दिवे फिरवून ऊन विकत आणायची ऐपत आहे, त्यांना. आठवड्यात दोन-तीन सामने झाले की इथलं गवत मान टाकतं. प्लास्टिकवर मात्र संघ सकाळी सराव करतो, दुपारी शाळेची पोरं, रात्री पोट सुटलेले बाप. त्या भाड्यावर लहान क्लबांची चूल पेटते. त्यांनी काय करावं, हे मला तरी ठरवता येत नाही. मी फक्त बॉल टाकून बघणारा माणूस.

आमच्या पार्कात तर वाद घालायला प्लास्टिकच नाही. तिथं चिखल आहे, कोल्हा आहे आणि पार्कीबाबा आहेत. परवा मी फोर्क घेऊन गोलपोस्टपुढं भोकं पाडत होतो. पाणी खाली जाईल अशी आशा. बाबा दहा मिनिटं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "यू रिअली अ फार्मर, सन?" मी खरं काय ते सांगून टाकलं. "आय न्यू," म्हणाले. भोकांत टाकायला वाळू कुठून मिळेल तेही सांगितलं.

घरी ओट्यावर आता दोन बरण्या आहेत. आईनं स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्यात. एकीवर 'खायची', दुसरीवर 'खेळायची'. दुसरी निम्म्याच्या वर भरली आहे. वस्तू वाया घालवायची नाही, ज्याची त्याला परत द्यायची, हा तिचा हिशेब.

आज सव्वासातला फोन गुरगुरला. "पिच?" खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. मी उठलो, गमबूट घातले, जाऊन आलो. थप्प. 'ऑफ' लिहून पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर : अकरा वाजता, थ्री-जी.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "जाताना बरणी घिऊन जा."