‘कुत्र्यापायी टॅक्सी गळ्यात मारत होते’ : या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. घरात कुत्रा असलेले आणि गाडी शोधत असलेले बाकीचे लोकही तो वाचतील, म्हणून जरा लांब उत्तर देतो. तुमची तक्रार थोडक्यात अशी : मागून उतरत्या छपराची, आतून बेज, वर मोठ्या काचेचं छत असलेली सफेद एसयूव्ही पाहायला तुम्ही आमच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात आलात, पैसे तयार होते, तरी आम्ही ‘एकदा कुत्र्याला घेऊन या’ म्हणून थांबवलं, वरून टॅक्सीवाली अर्टिगा दाखवली, आणि आम्हाला स्टाइलमधलं काही कळत नाही.

बोलता बोलता तुम्हीच सांगितलं होतं की तुमचा लॅब्रॅडॉर रोज सोबत वावरात येतो आणि उपचारासाठी त्याला नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावं लागतं. ते ऐकल्यावर त्या गाडीची चावी हातात देऊन मोकळं व्हायला माझं मन झालं नाही. ती गाडी चांगलीच आहे. फर्स्ट ओनर आहे, रनिंग कमी आहे, ज्याच्या घरी कुत्रा नाही त्याला मी ती आजही डोळे मिटून देईन.

अडचण छपराची आहे. डिक्कीचे लिटर कागदावर मोठे दिसतात, पण कुत्र्याला लागते उंची. मोठ्या लॅब्रॅडॉरची खांद्यापर्यंतचीच उंची साधारण ५५ सेंटीमीटर भरते, डोकं त्याच्या वर. मागची काच तिरपी उतरत आली की तो मान वाकवून बसणार, नाहीतर मागच्या सीटवर उडी मारणार. हे फोटोत दिसत नाही आणि मोजपट्टीनेही नीट कळत नाही. तो चढतो कसा, आत वळतो कसा, टेकतो कुठे, हे पाहायला कुत्राच लागतो. म्हणून त्याला आणायला सांगितलं, आणि कुत्रा असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही हेच सांगतो. लॅब्रॅडॉरला मागच्या कंबरेच्या सांध्यांचा त्रास पुष्कळदा होतो. आज टुणकन चढणारा कुत्रा वय झाल्यावर उंच डिक्कीपुढे नुसता उभा राहतो आणि तीस किलोचं जनावर तुम्हाला रोज उचलावं लागतं.

अर्टिगा टॅक्सीत खूप चालते हे खरं आहे. टॅक्सीवाले ती घेतात कारण जागा मोठी आणि खर्च कमी. तिची तिसरी रांग उभी असताना मागे २०९ लिटर उरतात, रांग पाडली की ५५० होतात, आणि मागचं दार सरळ उघडतं, उंबराही खाली. रेनोच्या ट्रायबरमध्ये तर तिसऱ्या रांगेच्या सीटा काढून घरी ठेवता येतात, मग ६२५ लिटर मोकळे मिळतात. परदेशात कुत्रा पाळणारे लोक लांब पाठीची इस्टेट गाडी घेतात. आपल्याकडेही टाटा इस्टेट आली, बलेनो अल्टुरा आली, इंडिगो मरीना आली, पण लोकांनी त्या फारशा घेतल्याच नाहीत. मला आजही वाईट वाटतं, कारण शेत आणि कुत्रा दोन्ही असलेल्या माणसाला गाडीची ती ठेवण फार सोयीची होती.

पण अर्टिगा एकच दाखवली नव्हती. शेजारी सपाट पाठीची, गडद राखाडी सीटांची छोटी एसयूव्ही उभी होती. तिच्याकडे तुम्ही वळलाच नाही. दिसायला ती तुमच्या सफेद गाडीपेक्षा कुठेच कमी नाही : अलॉय आहेत, रंग मूळ कंपनीचा आहे, पांदण रस्त्याला खालून घासणार नाही एवढी उंची आहे. फक्त एक ध्यानात ठेवा. अशा गाडीचं सीएनजी मॉडेल कमी खर्चाचं म्हणून घ्यायला जाऊ नका. ब्रेझासारख्या गाडीत सिलिंडर डिक्कीतच बसतो आणि कुत्र्याची जागा तोच खातो.

आता बेज रंग. एक्स्चेंजला आलेली कुत्रेवाल्या घरची गाडी मी दार उघडताच ओळखतो. दाराच्या पॅडवर नखांच्या रेघा, मागच्या बंपरच्या वरच्या कडेला रंग उडालेला, छताच्या कापडात केस, आणि एसी लावला की ओलसर वास. तो वास ग्लोव्ह बॉक्सच्या मागच्या फिल्टरमध्ये बसलेला असतो, सीटवर सेंट मारून तो जात नाही. बेज सीटवर आपली काळी माती एक पावसाळा बसली तर डाग निघतच नाही, आणि दुसऱ्या वर्षी तीच दिमाखदार गाडी उदास दिसायला लागते. पूर्ण काळी सीटही तुम्हाला सांगणार नाही, कारण तुमचा कुत्रा पिवळा आहे, त्याचा एकेक केस तिच्यावर उठून दिसेल. मधला राखाडी किंवा तपकिरी घ्या. कापडी सीटमध्ये केस विणल्यासारखे अडकतात, रेक्झिन पुसून निघतं पण उन्हात तापतं, त्याच्यावर जाड सुती चादर लागतेच. थंड हवेच्या छिद्रांच्या सीटांचा आग्रह सोडा, त्या छिद्रांत केस जाऊन बसतात. बंपरच्या कडेला प्लास्टिकची पट्टी मात्र पहिल्या दिवशीच लावून घ्या.

काचेच्या छताबद्दल तुम्ही सर्वांत जास्त नाराज झालात, म्हणून त्याबद्दल मनापासून सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच थंड होतो, आणि हवाच तापलेली असली की त्या धापाही कामाच्या राहत नाहीत. अमेरिकेत २००५ साली उभ्या गाड्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला : बाहेर बेताचं ऊन असतानाही तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा बोटभर खाली ठेवल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. तिथल्या बेताच्या उन्हात हे घडतं, तर आपल्या मे महिन्यात डोक्यावर काचेचं छत घेऊन जाम गावच्या चौकात ‘पाच मिनिटांत चहा घेऊन येतो’ म्हणणं कुत्र्याच्या जिवावरचं आहे. साध्या पत्र्याच्या छताची गाडीही बंद करून त्याला आत ठेवायचं नाहीच, पण चालत्या गाडीत तरी पत्र्याखाली एसीचा गारवा लवकर येतो. सफेद रंग निवडलात तो अगदी बरोबर, उन्हात तो काळ्यापेक्षा कमी तापतो.

काळी फिल्म लावून द्या म्हणालात आणि मी नाही म्हटलं, तेही रिव्ह्यूत आलं आहे. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे. त्याऐवजी मागच्या दारांना काढता-घालता येणारी जाळी लावा. गाडीला मागे एसीची झडप आहे का तेही बघा, कारण कुत्रा मागे बसणार आणि पुढची हवा तिथवर पोचेपर्यंत तो हैराण होतो.

आणखी एक, घाईत राहून गेलं होतं. त्याला पुढच्या सीटवर बसवू नका, एअरबॅग फुटली तर त्याला जबर मार बसेल. मागे छातीच्या पट्ट्याला बेल्ट अडकवा, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही. सीट कव्हर शिवून घेणार असाल तर सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल आहे का ते आधी पाहा, असलं तर ती बाजू झाकायची नाही. आपल्याकडे कव्हरवाले ती सर्रास झाकतात.

राखाडी सीटांची ती गाडी अजून आहे. रविवारपर्यंत कोणाचा बयाणा घेणार नाही. यायचं तर सकाळी नऊच्या आत या, नंतर आमच्या आवारातलं सिमेंट तापतं आणि कुत्र्याचे पाय पोळतील. पाण्याची बादली भरून ठेवतो. पाहून तुम्हाला सफेदच हवी वाटली, तर ठरलेल्या भावातच देईन.