काळ्या चौकोनांना किती शिकवायचं?

ऑनलाइन तासाला "समजलं का?" विचारलं की पलीकडे चिडीचूप. 2020 च्या टाळेबंदीपासून हेच चाललंय! कॅमेरे बंद, माइक बंद, स्क्रीनवर नुसते काळे चौकोन. बऱ्याच वेळाने चॅटमध्ये एकाचं 'येस मॅम' उमटतं आणि त्याखाली तेच वीसदा.

अहो, वर्गात मला विचारावंसुद्धा लागत नाही. अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा केला, की तिसऱ्या बाकावरची पेन्सिल थांबते, कपाळाला आठी पडते. गाडी तिथेच अडली, हे मला लगेच कळतं. खडू ठेवून मी त्या वहीपाशी जाते. स्क्रीनवर ती पेन्सिल दिसतच नाही हो!

रेकॉर्डिंग पुन्हा बघता येतं, मान्य. पण रेकॉर्डिंगला शंका कशी विचारणार? आणि घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर गेला असेल, तर त्या पोराने तास करायचा कशावर?