रवा नेमका कुठला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा टॅबलेट काढून तपासायला बसलो. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळे.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की माझ्या ओएलईडी पडद्याच्या टॅबलेटवर पांढरं पान रवाळ दिसतं, गडद करड्या पार्श्वभूमीवर बारीक वाळू सांडल्यासारखी वाटते, अक्षरांच्या कडा स्वच्छ नाहीत आणि वाचायला माझा जुना एलसीडी पडद्याचाच बरा होता (दोन पडद्यांतला फरक पुढे येतो). त्यावर तुमचे चार आक्षेप. २६४ पीपीआय (इंचाला २६४ पिक्सेल, म्हणजे पडद्याचे बारीक ठिपके) म्हणजे रेटिना (अ‍ॅपलने अशा बारीक पडद्यांना दिलेलं नाव), त्याच्या पलीकडचं डोळ्याला दिसतच नाही, म्हणून हा मनाचा खेळ. तरीही दिसत असेल तर माझा पीस सदोष. माझ्याच फोटोत कोपऱ्याला मॅट गार्डची, म्हणजे पडद्यावर चिकटवायच्या चकाकी नसलेल्या फिल्मची, कड दिसते आहे. आणि आधीच्या लेखात फ्लिकरच्या (पडद्याच्या भराभर उघडझापीच्या) नावाने ओरडून झाल्यावर आता रव्याच्या नावाने ओरडतोय, तर मला हवंय तरी काय.

गार्डपासून सुरू करतो, कारण तिथे मी पकडला गेलोय.

गार्ड होता. पेनने चित्रं काढायची म्हणून लावला होता आणि तो लावलाय हेच विसरून गेलो होतो. समोरच्या दिव्याचं प्रतिबिंब आरशासारखं न पडता विखरावं म्हणून मॅट गार्डचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केलेला असतो. पण हेच सूक्ष्म उंचवटे खालून येणाऱ्या प्रकाशासाठी बारक्या भिंगांसारखे वागतात. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या, निळ्या अशा बारक्या सबपिक्सेलांचा बनलेला असतो; एक उंचवटा लाल सबपिक्सेल मोठा करून दाखवतो, शेजारचा हिरवा. पांढऱ्या पानावर त्याची रंगीत भुरभुर होते. पडदे बनवणारे तिला स्पार्कल म्हणतात. ती ओळखायची खूण सोपी आहे : डोकं जरासं हलवलं की ठिपके चमचमत जागा बदलतात. माझे बदलत होते. गार्ड काढला आणि पांढरं पान साफ झालं. हाच गार्ड जुन्या एलसीडीवर लावला असता तर तिथेही भुरभुर दिसली असती. तेव्हा ‘पांढरं पान रवाळ दिसतं’ हे माझं वाक्य मी मागे घेतो. ओएलईडीवर तो आळ उगाच घेतला.

आता गडद करड्याकडे येतो. गार्ड काढल्यावर रात्री दिवे बंद केले, ब्राइटनेस अगदी खाली आणला आणि एकसारख्या गडद करड्या रंगाचं चित्र पूर्ण पडद्यावर उघडलं. वाळू होती तिथेच होती. डोकं हलवून पाहिलं, ठिपके जागचे हलले नाहीत. टॅबलेट उलटा धरला, चित्र आपोआप सरळ झालं, पण डावीकडचा एक जरा उजळ पट्टा उजवीकडे गेला. म्हणजे नक्षी चित्रात नव्हती, काचेखाली होती. स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या पडद्यावर पाहिला तर सपाट करडा रंग. (ही स्क्रीनशॉटची युक्ती सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. अंधाऱ्या दृश्यांमधला बराचसा ‘रवा’ व्हिडिओच्या कॉम्प्रेशनचा असतो आणि शिव्या पडद्याला बसतात.)

याला म्हणतात मुरा. शब्द जपानी आहे, अर्थ असमानता. आणि तो का होतो हे पाहिलं की तुमच्या २६४ चं काय करायचं तेही कळतं.

एलसीडीत प्रकाश मागच्या एकाच दिव्याकडून येतो आणि प्रत्येक पिक्सेल फक्त झडप कमीजास्त उघडतो. ओएलईडीत प्रत्येक सबपिक्सेल हा स्वतंत्र दिवा. त्याला किती करंट मिळणार हे त्याच्या मागचा इवलासा ट्रान्झिस्टर ठरवतो. असे ट्रान्झिस्टर एका टॅबलेटमध्ये लाखोंनी असतात आणि ते सगळे तंतोतंत सारखे निघत नाहीत. मोबाइल-टॅबलेटच्या पडद्यांत बहुधा जे सिलिकॉन वापरतात त्याचा पातळ थर लेसरने वितळवून पुन्हा गोठवतात. गोठताना त्याचे स्फटिक-दाणे तयार होतात. एखाद्या ट्रान्झिस्टरच्या वाट्याला दाण्यांच्या सीमा जास्त येतात, एखाद्याच्या कमी, आणि तो ‘चालू’ व्हायला लागणारा व्होल्टेज त्यानुसार किंचित बदलतो. मला यात गंमत वाटते ती अशी, की पडदा दाणेदार दिसतो आणि त्याच्या मुळाशी खरोखरच दाणे असतात.

हा फरक भर उजेडात का दिसत नाही? साधा हिशेब करू. करंट हा ‘चालू’ व्हायच्या व्होल्टेजच्या वर जितका व्होल्टेज असेल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा दोन शेजाऱ्यांत ०.०२ व्होल्टचा फरक आहे. पडदा उजळ असताना वरचा व्होल्टेज २ असेल तर करंटमध्ये फरक पडेल साधारण २ टक्के. मंद असताना तोच ०.२ वर आला तर फरक २१ टक्के. चूक तेवढीच, पण पोतं तोलताना दोन ग्रॅमकडे कोणी बघत नाही आणि सोनं तोलताना त्याच दोन ग्रॅमवरून भांडण होतं. पिक्सेलच्या सर्किटमध्ये ही चूक भरून काढायची सोय असते. शिवाय कारखान्यात पडद्याचे फोटो काढून दुरुस्तीचा नकाशा बनवतात, त्याला डीमुरा म्हणतात. त्यातूनही जे उरतं ते आपल्याला रात्री अंथरुणात, कमी ब्राइटनेसवर, गडद करड्यात दिसतं. नेमका हाच करडा हल्ली डार्क मोडमध्ये सगळीकडे असतो. गूगलच्या मटेरियल डिझाइनच्या सूचनांतही शुद्ध काळ्याऐवजी गडद करडाच सुचवला आहे. शुद्ध काळ्यात पिक्सेल विझलेलाच असतो, तिथे मुरा दिसायचा प्रश्नच येत नाही.

आता २६४. आकडा बरोबर आहे. पण तो कुठून आला ते पाहा. जून २०१० मध्ये आयफोन ४ दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी १० ते १२ इंचांवर धरलेल्या उपकरणासाठी ३०० पीपीआयच्या आसपासची मर्यादा सांगितली. २०१२ च्या आयपॅडवर २६४ पीपीआय आले, कारण टॅबलेट आपण थोडा लांब, १५ इंचांच्या आसपास धरतो. २०२४ च्या ओएलईडी आयपॅड प्रोवरही तोच आकडा आहे. बारा वर्षं एकच आकडा, मधल्या काळात खालचं तंत्र पार बदललेलं. तो आकडा एवढंच सांगतो की निरोगी डोळ्याला शेजारचे दोन पिक्सेल वेगळे ओळखता येणार नाहीत. शेजारचे आठ-दहा पिक्सेल मिळून जरा काळपट आहेत की नाही, हे तो सांगत नाही.

आणि डोळा नेमका तिथेच तीक्ष्ण असतो. फिकट-गडद अशा सौम्य फरकांना आपली नजर सर्वांत जास्त दाद देते ती नजरेच्या कोनाच्या एका अंशात साधारण तीन ते पाच पट्टे (एक फिकट आणि एक गडद मिळून एक पट्टा) असतात तेव्हा. टॅबलेट ३३ सेंटिमीटरवर धरला तर एक अंश म्हणजे पडद्यावरचे सुमारे पावणेसहा मिलिमीटर. त्यात चार पट्टे बसवले तर एक पट्टा जवळजवळ दीड मिलिमीटरचा, म्हणजे २६४ पीपीआयवर १५ पिक्सेलांचा. एक-एक पिक्सेल दिसत नसताना त्यांचे पुंजके मात्र दिसतात ते यामुळे. पीपीआय दुप्पट केले तरी हे पुंजके आपोआप जाणार नाहीत.

फ्लिकरबद्दलचा तुमचा टोमणा मला सर्वांत आवडला, कारण त्यात तुमच्याही नकळत नेमकं दुखणं सापडलं आहे. मंद प्रकाश दोन रीतींनी मिळवता येतो. एक, करंट कमी करायचा, म्हणजे वर सांगितलेला सोन्याचा काटा आला. दुसरी, करंट भरपूर ठेवून पिक्सेल भराभर चालू-बंद करायचा आणि चालू राहण्याचा वेळ कमी करायचा. बऱ्याच ओएलईडी पडद्यांवर ही उघडझाप सेकंदाला २४० वेळा होत आली आहे. या दुसऱ्या रीतीत ट्रान्झिस्टर आपल्या सुखाच्या पट्ट्यात राहतो आणि रवा कमी दिसतो, पण काहींचं डोकं दुखतं, माझं दुखतं. म्हणजे फ्लिकर नको म्हटलं की रवा वाढतो आणि रवा नको म्हटलं की फ्लिकर. मी दोन्ही नको म्हणतोय, हे खरं. हट्टच आहे तो. पण ग्राहकाने हट्ट करायचा नाही तर कोणी करायचा? आणि एलसीडीने तो पुष्कळसा पुरवला होता, एवढंच मागच्या लेखात म्हणायचं होतं.

पीस सदोष असण्याबद्दल फार लिहीत नाही. मुरा पीसागणिक कमीजास्त असतो, त्यामुळे बदलून चांगला मिळू शकतो आणि वाईटही. परत करायच्या मुदतीत असाल तर करडा पडदा एकदा रात्री पाहून घ्या. मुदत संपली असेल आणि आजवर काही दिसलं नसेल तर मुळीच पाहू नका. एकदा दिसला की तो दिसतच राहतो.

राहिला अक्षरांचा मुद्दा, त्याकडे तुम्ही लक्षच दिलं नाही. पेनटाइल मांडणीच्या पडद्यात प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा हिरवा असतो, लाल आणि निळा मात्र शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यावा लागतो. तीनाच्या जागी दोन सबपिक्सेल. सगळे ओएलईडी टॅबलेट असे नसतात. पण ज्यात तसं आहे त्यातल्या २६४ चा लाल-निळ्यापुरता हिशेब १८७ च्या आसपास येतो. उजळपणाची बारीक माहिती डोळा मुख्यतः हिरव्याच्या आधाराने घेतो म्हणून फोटोत हे खपून जातं. अक्षराच्या कडेला खपत नाही. हिऱ्याच्या आकाराच्या मांडणीत हिरव्यांची एक आडवी रांग आणि लाल-निळ्यांची एक अशा आळीपाळीने येतात. मग पांढऱ्यावर काळी आडवी रेघ काढली की तिच्या एका कडेला हिरवट छटा येऊ शकते आणि दुसऱ्या कडेला जांभळट.

आणि आपली लिपी तर आडव्या रेघेलाच टांगलेली! रोमन मजकुरात अशी रेघ अधूनमधून येते, देवनागरीत ती शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते, तिच्यावर रफार, मात्रा, अनुस्वार दाटीने बसतात. एका टॅबलेटवर इंग्रजी लेख स्वच्छ वाटतो आणि त्याच आकारातला मराठी लेख किंचित धुरकट, याचं एक कारण मला हे वाटतं. जुन्या संगणकांवर क्लिअरटाइपसारखी तंत्रं सबपिक्सेल हिशेबात धरून कडा गुळगुळीत करायची. टॅबलेट आपण आडवा-उभा फिरवतो, सबपिक्सेलांची दिशा दर वेळी बदलते, म्हणून तिथे ते तंत्र चालत नाही आणि कडा नुसत्या करड्या छटांनी भरतात. पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून शिरोरेघ पाहा, थेंबाचं भिंग होतं आणि मांडणी दिसते. थेंब बारीकच असू द्या.

मी सध्या करतोय ते असं : रात्रीच्या वाचनाला शुद्ध काळी पार्श्वभूमी, अक्षर एक पायरी मोठं आणि जरा जाड. काळ्यावर भरभर सरकवलं की अक्षरांमागे शेपटी उमटते, कारण विझलेल्या पिक्सेलला जागं व्हायला क्षणभर लागतो. म्हणून सरकवण्याऐवजी पानं उलटतो.

मूळ लेखातला तो फोटो काढला आहे आणि त्याच्या जागी गार्ड होता याची कबुली टाकली आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. करड्याबद्दलचा आणि अक्षरांबद्दलचा परिच्छेद तसाच ठेवलाय. तुमच्या टॅबलेटवर करडा पडदा कसा दिसला ते कळवा, पण वर म्हटलं तसं, मुदत पाहून.