धुळ्याच्या गल्ल्या आणि रोमची बाजारवाली

आज दुपारी भाच्यानं सीझर थ्री, म्हणजे रोमन शहर बांधायचा जुना गेम, कॉम्प्युटरवरून उडवला. आणि तिथंच बसून मोबाइलवर शहर बांधायचा एक फुकटचा गेम उतरवून घेतला. त्या गेममध्ये बेकरी बांधायला चार तास लागतात. चार तास थांबा, नाहीतर हिरे विकत घ्या. बेकरी कुठं बांधली, तिच्याकडे रस्ता जातो की नाही, पीठ कुठून येतं, याचा कशाशी काही संबंध नाही. घड्याळ संपलं की बेकरी तयार. याला शहर बांधणं म्हणायचं?

पोरावर राग नाही. तो सीझर थ्रीबद्दल जे बोलला ते डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय. "मामा, यात काय चुकलं तेच सांगत नाही." 

पोरगं धुळ्याचं. त्यामुळे त्यानं रोमन शहरही धुळ्यासारखंच बांधलं होतं. सरळ समांतर गल्ल्या, काटकोनात छेदणारे रस्ते, प्रत्येक छेदावर चौक. बरोबर मधल्या चौकात मार्केट, त्याला लागून ग्रॅनरी, म्हणजे धान्याचं कोठार. कागदावर इतकं नीटनेटकं शहर मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. आणि तेच शहर उपाशी मेलं. ग्रॅनरी गव्हानं भरलेली, मार्केटमध्ये माल, आणि पूर्वेच्या दोन गल्ल्यांतली घरं एकेक पायरी उतरत तंबूवर आली. लोक सामान घेऊन शहराबाहेर चालते झाले.

कारण सांगतो. सीझर थ्री १९९८ चा, इम्प्रेशन्स गेम्सचा. या गेममध्ये सेवा हवेतून पसरत नाही, माणसाच्या पायानं पोचते. मार्केटमधून दोन बायका निघतात. एक खरेदीला जाते, तिच्यामागे टोपल्या घेतलेली पोरं असतात. तिला कुठं जायचंय ते माहीत असतं, ती थेट ग्रॅनरीत किंवा वेअरहाऊसमध्ये जाते. दुसरी विकायला निघते, आणि तिला काहीही माहीत नसतं. साधारण २६ टाइल, म्हणजे नकाशावरचे २६ चौकोन, ती रस्ता नेईल तिकडे चालते, चौक आला की वाटेल तिकडे वळते, मग जवळच्या रस्त्यानं परत. जाता-येता रस्त्यापासून दोन टाइलच्या आत जे घर येईल त्यालाच धान्य मिळतं. बाकीच्यांना नाही. पुजारी, न्हावी, वैद्य, सगळ्यांचं हेच. प्रिफेक्ट, म्हणजे आग विझवणारा शिपाई, आणि इंजिनियर जास्त लांब चालतात, पण चौकात त्यांनाही तेवढीच अक्कल.

म्हणजे धुळ्याच्या गल्ल्यांमध्ये माणसाला जी सोय आहे, तीच इथं विष. जितके चौक, तितक्या वेळा बाजारवाली चुकायची शक्यता. भाच्याच्या मधल्या चौकातून एक रस्ता शेतांकडे जात होता. तिथं एकही घर नाही. ती त्या रस्त्यानं निम्म्या फेऱ्या मारत होती. रिकाम्या शेताच्या कडेनं चालायचं आणि परत यायचं. पूर्वेच्या गल्ल्यांत तिचं पाऊल पडेना.

हे गेम सांगत नाही का? सांगतो. घरावर राइट क्लिक केलं की मार्केटमधून अन्न मिळत नाही असं लिहून येतं. रस्त्यावरच्या माणसावर क्लिक केलं की तोही शहराबद्दल बोलतो. मार्केट कुठवर पोचतंय ते ओव्हरलेमध्ये, म्हणजे नकाशावर चढवायच्या थरात, दिसतं. पण "तुझा चौक चुकलाय" हे कुणी सांगत नाही. ते आपणच त्या बाईच्या मागेमागे स्क्रीन सरकवत, वेग कमी करून, दोन-तीन फेऱ्या बघून शोधायचं. आणि सापडतंच! हे मला पोराला सांगायचं होतं. या गेममध्ये शहर मेलं तर त्याचं कारण रस्त्यावर पडलेलं असतं. हिरे घेऊन ते सुटत नाही, आणि हिऱ्यांवाचून अडतही नाही.

मान्य, पंधरा वर्षांच्या पोराला मे महिन्याच्या दुपारी हे शोधायला सांगणं जरा जास्तच आहे.

पण मग उपाय किती सुंदर आहे ते बघा. वस्तीचा रस्ता एकच वळसा करायचा, चौकोनी, आत चौक नाही, फाटा नाही. वळसा पन्नास टाइलच्या आसपास ठेवायचा. बाजारवाली २६ टाइल चालून थांबते तेव्हा अर्धा वळसा झालेला असतो, आणि घरी जायचा जवळचा रस्ता पुढचाच निघतो. म्हणजे ती पूर्ण फेरी मारते. एकही घर सुटत नाही. वळसा ऐंशी टाइलचा केला तर ती अर्ध्यातून मागे फिरते आणि पलीकडची बाजू उपाशी राहते. हे गणित कुठल्या पुस्तिकेत छापलेलं नव्हतं. खेळणाऱ्यांनी टाइल मोजून मोजून काढलं.

बाहेरच्या जगाशी हा वळसा एकाच ठिकाणी जोडायचा, आणि त्या जोडावर गेटहाऊस, म्हणजे वेशीचा दरवाजा, ठेवायचं. गेटहाऊस शत्रूसाठी असतं, पण नेम न धरता फिरणारी माणसं त्याच्यापासून मागे वळतात. गाडीवाले, खरेदीची बाई, नव्यानं राहायला येणारे लोक आरपार जातात, कारण त्यांचा पत्ता ठरलेला असतो. फक्त एक लक्षात ठेवा, शेतातून मजूर शोधायला निघणारा माणूसही फिरस्ताच. गेटहाऊस टाकलं की तो वस्तीत येऊ शकत नाही आणि शेत बंद पडतं. म्हणून शेताच्या बाजूला दोन तंबू ठेवायचे. सगळे मजूर तिथले असायला लागत नाहीत, शोधणाऱ्याला एखादं घर दिसलं की पुरतं. पण तंबू लवकर पेटतात, म्हणून तिथंही एक प्रिफेक्ट लागतो. एक गोष्ट दुरुस्त करायला गेलं की तिच्यामागून दुसरी उभी राहते, आणि प्रत्येकीला कारण असतं.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, त्याच कंपनीनं फॅरोमध्ये रोडब्लॉक दिला. एक टाइल, रस्त्यावर ठेवायची, फिरस्ते थांबले. म्हणजे त्यांनाही कळलं होतं की चौक लोकांना छळतोय. मग सीझर थ्रीमध्ये का नाही दिला, याचा मला आजही संताप येतो. आता ऑगस्टस नावाचा मुक्त प्रकल्प आहे, मूळ गेमच्या फायली असल्या की त्यावर सीझर थ्री नव्या कॉम्प्युटरवर नीट चालतो आणि त्यात रोडब्लॉकही आहे. मूळ खेळ जसा होता तसाच हवा असेल तर ज्युलियस आहे. भाच्याला मी ज्युलियस लावून दिला होता. तिथं माझंच चुकलं, ऑगस्टस लावून द्यायला हवा होता.

आता कुणी म्हणेल, चौकाची ही भानगड फक्त याच गेमची, सिमसिटीमध्ये काटकोनी गल्ल्या चालतात की. चालतात. पण का चालतात ते बघा. १९८९ ची सिमसिटी, विल राइटची. आधीच्या एका हेलिकॉप्टरच्या गेमसाठी नकाशे बनवताना त्याला लढण्यापेक्षा नकाशा बनवण्यातच गोडी लागली, त्यातून हा गेम निघाला. २००८ मध्ये त्याचा कोड मायक्रोपोलिस नावानं खुला झाला, त्यामुळे आत काय चालतं ते वाचता येतं. तिथंही वाहन रस्त्यावरून अंदाजानंच वळत जातं, ३० टाइलच्या आत योग्य ठिकाण सापडलं तर फेरी यशस्वी. पण तिथं फेरी फसली म्हणून घर उपाशी राहत नाही.  म्हणून गल्ल्या चालून जातात. आणि एक खाचखळगा सांगतो. त्या गेममध्ये गर्दी फक्त रस्त्यावर मोजली जाते, रेल्वेवर नाही. एकही रस्ता न बांधता नुसते रूळ टाकले तर शहरात वाहतूक कोंडी शून्य. भुसावळच्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल, पण ही गेममधली चूकच आहे, हेही मान्य.

२००३ ची सिमसिटी ४ माझ्या मते या सगळ्यांत सुंदर, आणि तिच्यावर माझा सगळ्यात जास्त राग. शेजारी शेजारी शहरं जोडता येतात, पण कामावर निघालेला माणूस एका शहराच्या हद्दीतून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, परत पहिल्यात असा गोल फिरत राहतो आणि कुठंच कामाला लागत नाही. हद्दीवरचे रस्ते तुंबतात आणि आपण मूर्खासारखे महामार्ग रुंद करत बसतो. उपाय रुंदीकरण नाही. तीन शहरांचं वर्तुळ बनेल अशा जोडण्या तोडायच्या. जोडीला नेटवर्क ॲडऑन मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी बनवलेली भर, टाकायचा, त्यात रस्ता शोधायची पद्धत सुधारलेली आहे. आणि नव्या कॉम्प्युटरवर गेम मधेच बंद पडत असेल तर शॉर्टकटमध्ये तो एकाच प्रोसेसर कोअरवर चालवायची सूचना घाला, एकाहून जास्त कोअर त्याला झेपत नाहीत.

आणि २०१३ ची सिमसिटी? तिचं नाव काढलं की डोकं फिरतं. एकट्यानं खेळायच्या खेळाला कायम इंटरनेट लागणार म्हणे. मार्चमध्ये आली आणि सर्व्हरच कोलमडले, लोकांनी पैसे मोजून घेतलेलं शहर उघडेना. आमच्या इकडे उन्हाळ्यात तासाला दोनदा वीज जाते, तिथं सर्व्हरशी जोडून शहर बांधायचं? नंतर त्यांनी इंटरनेटविना खेळायची सोय दिली, ती वर्षभरानं. मोबाइलवरचं हिऱ्यांचं दुकानही याच वाटेवरचं. खेळ तुमच्या घरात असतो पण त्याची चावी दुसऱ्याच्या खिशात.

बरं, मोबाइल वीज गेली तरी चालतो. तेवढं त्याला.

परत त्या पूर्वेच्या गल्ल्यांकडे येतो, कारण उपासमारीनंतर जे झालं ते पोरानं शेवटपर्यंत बघितलंच नाही. घर खाली उतरलं की त्यात कमी माणसं मावतात. जास्तीची बाहेर पडतात. माणसं गेली की मजूर कमी. मजूर कमी की शेतं, कारंजी, प्रिफेक्ट सगळ्यांची माणसं कापली जातात. कारंजं बंद, म्हणून अजून घरं खाली. प्रिफेक्ट नाही, म्हणून आग. हा भोवरा सुरू झाला की नवीन घरं बांधणं हा सगळ्यात वाईट उपाय. कामगार सल्लागाराकडे जाऊन प्राधान्य ठरवायचं: आधी पाणी आणि प्रिफेक्ट, मग अन्न. तेलाचे, भांड्यांचे कारखाने हातानं बंद करायचे, एका कारखान्याची दहा माणसं सुटतात. मग चौक तोडायचा.

आणि दुसऱ्या टोकाला, शहर चांगलं चाललं तरी फास बसतो. सगळ्यात मोठ्या इन्सुलामध्ये, म्हणजे रोमन चाळीत, ८४ माणसं राहतात आणि कामाला जातात. तिला वाइन आणि बाकी सोयी मिळाल्या की ती छोटी व्हिला होते, तिच्यात फक्त ४० माणसं, आणि ती एकही काम करत नाहीत. श्रीमंत झाली ना! कर जास्त देतात, पण शेतात कोण? म्हणून मजुरांच्या वळशात वाइन पोचूच द्यायची नाही. ऑगस्टसमध्ये तिथल्या मार्केटवर राइट क्लिक करून वाइनची खरेदी बंद ठेवता येते, आणि व्हिलांसाठी वेगळा वळसा करायचा. पहिल्यांदा हे घडतं तेव्हा सगळ्यांनाच वाटतं गेम बिघडला. बिघडलेला नसतो.

पाण्याचं तर आपल्या माणसाला समजावून सांगावंच लागू नये. पांझरेच्या काठचं फडाचं शेत ज्यानं पाहिलंय त्याला सीझर थ्रीचा नळ एका मिनिटात कळतो. बंधारा नदीवर, पाटातून पाणी उतारानं फडात, पाटकरी ठरल्या क्रमानं पाणी सोडणार. गेममध्ये रेझरवॉयर, म्हणजे पाण्याचा हौद, नदीला लागून, तिथून अॅक्वेडक्टनं, म्हणजे पाटानं, दुसरं रेझरवॉयर वस्तीत, त्याच्या दहा टाइलच्या आत कारंजं. कारंजं अकराव्या टाइलवर ठेवलं की कोरडं. भाच्याचं पाणी एकदम बरोबर होतं, बरं का. शेतकऱ्याचं पोरगं आहे. पाण्याचा नेम त्याला कुणी शिकवावा लागला नाही. गावातल्या माणसाचे पाय कुठं वळतात तेवढंच चुकलं.

आत्ता लिहिता लिहिता ताईचा फोन आला, तो जेवून झोपलाय म्हणून. बेकरीला अजून दीड तास आहे म्हणे, उठवायला सांगितलंय.

त्याची सेव्ह फाइल गेमबरोबर गेलेली नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये होती. ऑगस्टस टाकलाय आणि ती उघडून बसलोय. मधल्या चौकातून शेताकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पहिल्याच टाइलवर रोडब्लॉक ठेवला. शेताजवळ दोन तंबू आणि एक प्रिफेक्ट. बाकी गल्ल्यांना हात लावलेला नाही, त्या त्याच्या आहेत. वेग कमी केलाय. बाजारवाली चौकात आली, रोडब्लॉकपाशी थांबली, मागे वळली, आणि आत्ता पूर्वेच्या गल्लीत शिरलीये.