खलाशांचा पगार आणि नानांची पावती

पक्याचा करार कायद्याचा पेपर येत्या सोमवारी आहे, त्यामुळे आठ दिवस झाले, तो कट्ट्यावर पुस्तक घेऊनच येतो. कट्टा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची पायरी. समोर चहाची टपरी. काल संध्याकाळी त्याने ‘स्टिल्क विरुद्ध मायरिक’ हा इंग्लंडमधला खटला वाचून दाखवला आणि नानांनी हातातला ग्लास खाली ठेवला. त्यानंतर साडेनऊपर्यंत कोणी उठलं नाही.

खटला १८०९ चा. लंडनहून बाल्टिक समुद्राकडे गेलेलं जहाज. स्टिल्क हा त्यावरचा खलाशी, महिना ५ पौंडांवर. क्रॉनस्टाट बंदरात दोन खलाशी पळून गेले. बदली माणसं मिळेनात, तेव्हा कप्तान उरलेल्यांना म्हणाला, जहाज लंडनला परत न्या, पळालेल्या दोघांचा पगार तुमच्यात वाटून देतो. त्यांनी जहाज आणलं. पैसे मिळाले नाहीत. स्टिल्क कोर्टात गेला आणि हरला. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांचं म्हणणं असं की प्रवासात येईल त्या अडचणीला तोंड द्यायचं हे खलाशांनी निघतानाच कबूल केलं होतं. कोणी मेलं काय नि पळालं काय, उरलेल्यांची जबाबदारी तीच. कप्तानाच्या नव्या शब्दाच्या बदल्यात त्यांनी नवं काही दिलं नाही. प्रतिफल नाही, म्हणून तो शब्द पाळायला कायदा कप्तानाला भाग पाडणार नाही.

“नवं काही दिलं नाही?” नाना म्हणाले. “माझ्या साइटवर एक पोरगा गावाला गेला तर बाकीच्यांचे हात सुजतात. इथे दोन माणसं कमी, आणि तेही समुद्रात!”

नाना फर्निचरची कामं घेतात, तीस वर्षं झाली. कानामागे सुतारकामाची चपटी पेन्सिल असतेच.

प्रतिफल हा पुस्तकातला शब्द. मी सब-रजिस्ट्रार कचेरीबाहेर दस्त लिहितो. आमचा रोजचा शब्द मोबदला. ‘सदर मिळकतीचा मोबदला रक्कम रुपये’ असं लिहिल्याशिवाय खरेदीखत पुढे सरकत नाही, आणि मोबदला नसेल तर तो कागद बक्षीसपत्र होतो. इंग्रजी कायद्याचं मूळ सूत्र याच्या जवळचं आहे. रीतसर दस्त केला असेल तर गोष्ट वेगळी. एरवी नुसत्या शब्दावर दावा चालत नाही. शब्द देणाऱ्याला काही लाभ व्हायला हवा, नाहीतर घेणाऱ्याने त्यासाठी काही सोसायला हवं. १८७५ च्या ‘करी विरुद्ध मिसा’ खटल्यातली ही व्याख्या पक्याला तोंडपाठ आहे.

“आणि किती सोसायचं?” बापूंनी विचारलं. बापू बँकेत वसुली विभागात होते, आता निवृत्त.

“कितीही. ते कोर्ट मोजत नाही,” मेधा म्हणाली. मेधा पक्याच्याच वर्गातली, पण तिचा अभ्यास पुरा झालेला आहे. तिने नेस्लेचा खटला सांगितला. दीड शिलिंग रोख आणि सोबत सहा पेनीवाल्या चॉकलेटचे तीन रिकामे कागद पाठवले की कंपनी गाण्याची रेकॉर्ड देत होती. कागद आले की ती फेकून देत असे. तरी हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वात वरच्या कोर्टाने, ठरवलं की ते कागद हाही मोबदल्याचा भाग. समोरच्याने मिरीचा दाणा मागितला तर मिरीचा दाणाही चालतो. त्याला मिरी आवडत नसली आणि तो दाणा टाकून देणार असला तरी.

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे फेकायचे कागद चालले आणि खलाशाचा घाम चालला नाही.”

मला हे वाक्य फार लागलं. या सगळ्या सिद्धांतावर याहून नेमका आक्षेप मी वाचलेला नाही.

मेधाचं उत्तर होतं की घाम आधीच विकला गेला होता. तीच वस्तू दोनदा कशी विकणार? नाहीतर उद्या भर समुद्रात खलाशी हात बांधून बसतील आणि कप्तानाला म्हणतील, पैसे वाढव, मगच शीड ओढतो. ही भीती स्टिल्कच्याही आधीची, १७९१ च्या ‘हॅरिस विरुद्ध वॉटसन’मध्ये उघड मांडलेली आहे. आणि काम खरोखरच वेगळं झालं तर कायदा ते मानतो: १८५७ च्या ‘हार्टली विरुद्ध पॉन्सनबी’त ३६ पैकी १७ जण गेले होते, उरलेल्यांत कसलेले खलाशी चार-पाचच. तेवढ्यांवर जहाज हाकणं इतकं धोक्याचं होतं की जुना करार त्यांना बांधत नव्हता. त्यांना कबूल केलेले ४० पौंड मिळाले.

“मग मधे रेघ कुठे?” बापू म्हणाले. “दोन गेले तर नाही, सतरा गेले तर हो. सात गेले तर?”

पक्याने पानं उलटली. “बापू, त्याच्यापुढे विल्यम्स येतो. नाना, हा तुमचा आहे.”

आणि तो खरंच नानांचाच होता. लंडनमध्ये लिली रोडवर ट्विनहोम मॅन्शन्स नावाची इमारत, २७ फ्लॅटची दुरुस्ती. मुख्य कंत्राटदार रॉफी ब्रदर्स. सुतारकाम विल्यम्सला २०,००० पौंडांत दिलेलं. भाव फार कमी लागला होता. छप्पर झालं, सगळ्या फ्लॅटमधलं पहिल्या फेरीचं काम झालं, दुसऱ्या फेरीचं नऊ फ्लॅटमध्ये झालं आणि विल्यम्सचे पैसे संपत आले. काम लांबलं तर रॉफींना दंड भरावा लागणार होता. एप्रिल १९८६ मध्ये त्यांनी आपणहून सांगितलं की आणखी १०,३०० पौंड देतो, पुरा होईल त्या प्रत्येक फ्लॅटमागे ५७५. विल्यम्सने आणखी आठ फ्लॅट केले. हातात पडले फक्त १,५००. त्याने काम थांबवलं आणि दावा लावला.

“भाव कमी लावला ही त्याची चूक,” नाना हळू आवाजात म्हणाले. “मीही केलीय. प्लायवुडचा दर मधेच चढतो आणि आपण जुन्या दराने शब्द दिलेला असतो. पण पुढचा माणूस स्वतः वाढवून देतो म्हणाला ना?”

स्टिल्कच्या हिशेबाने विल्यम्स हरायला हवा होता, कारण नवं काम एका खिळ्याचंही नव्हतं. पण १९८९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ग्लाइडवेल म्हणाले की रॉफींना व्यवहारात लाभ झाला: काम थांबलं नाही, दंड टळला, नवा सुतार शोधावा लागला नाही. धाक किंवा फसवणूक नसेल तर एवढा लाभ प्रतिफल म्हणून पुरतो. माझ्या मते हा निकाल म्हणजे स्टिल्कला १८० वर्षांनी मिळालेलं उत्तर. कप्तानाचं जहाज बंदरात अडकून पडलं नाही, हा व्यवहारातला लाभ नव्हता तर काय होतं?

बापूंचा जीव मात्र दुसऱ्याच खटल्यात अडकला होता. १८८४ चा ‘फोक्स विरुद्ध बिअर’. डॉक्टर फोक्स यांच्यावर ज्युलिया बिअर या बाईंचा २,०९० पौंड १९ शिलिंगांचा हुकूमनामा होता. दोघांनी करार केला: ५०० आत्ता, बाकीचे दर सहा महिन्यांना १५०, आणि बाईंनी पुढे कारवाई करायची नाही. व्याजाबद्दल त्या कागदात शब्द नव्हता. डॉक्टरांनी हप्ते भरत सगळी मुद्दल फेडली. मग बाईंनी ३६० पौंड व्याज मागितलं, आणि हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते दिलं. आधार १६०२ चा पिनेलचा खटला. मोठ्या देण्यापोटी थोडी रक्कम देऊन देणं फिटत नाही. पैशांऐवजी घोडा, ससाणा किंवा झगा दिला आणि तो समोरच्याने स्वीकारला तर मात्र फिटतं.

“मी शेकडो खाती तडजोडीत मिटवली,” बापू म्हणाले. “एवढे भरा, बाकीचं सोडलं, असं लेखी द्यायचो. बुडणाऱ्या खात्यातले साठ टक्के आज हातात आले तर बँकेचा फायदाच आहे. वर्षाने उठून उरलेले चाळीस मागायचे? माणूस परत दारात उभा राहील का?”

त्या खटल्यातले लॉर्ड ब्लॅकबर्न यांनाही हेच खुपत होतं. व्यापारी माणसं रोज असे व्यवहार करतात, थोडे पण आज मिळालेले पैसे त्यांना जास्त मोलाचे वाटतात, हे त्यांनी निकालपत्रात लिहिलं. तरी त्यांनी सहकाऱ्यांविरुद्ध मत दिलं नाही, आणि नियम आजही उभा आहे. २०१८ मध्ये ‘एमडब्ल्यूबी विरुद्ध रॉक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ या खटल्यात लॉर्ड सम्प्शन म्हणाले की फोक्सचा बहुधा फेरविचार व्हायला हवा, पण तो मोठ्या खंडपीठाने करावा. म्हणजे इंग्लंडमध्ये आज वाढीव पैशाचा शब्द विल्यम्समुळे टिकू शकतो आणि कमी घेण्याचा शब्द फोक्समुळे पडतो.

आपल्याकडचा १८७२ चा करार कायदाही इंग्रजांनीच लिहिला, पण इथे मुद्दाम वेगळी वाट धरली. कलम ६३ मधलं उदाहरणच आहे: ५,००० रुपयांच्या देण्यापोटी २,००० दिले आणि घेणाऱ्याने पूर्ण फेड म्हणून स्वीकारले, तर सगळं देणं संपलं. बापूंनी मांडीवर थाप मारली. “हा कायदा!”

तेव्हा नानांनी पाकीट काढलं. त्यात चार घड्या घातलेली एका पावतीची झेरॉक्स होती. एका बिल्डरचं किचनचं काम, २ लाख १० हजार बाकी. दिवाळीच्या आठ दिवस आधी त्याने १ लाख ४० हजारांचा चेक पुढे केला. घ्यायचा असेल तर ‘फुल अँड फायनल’ लिहून सही कर, नाहीतर हाही मिळणार नाही. दुकानात सहा कारागीर पगारासाठी थांबले होते. नानांनी सही केली. “तुमचं कलम ६३ माझ्या सत्तर हजारांना काय म्हणतं, बापू?”

बापू काही बोलले नाहीत.

मेधा म्हणाली, “नाना, तुम्ही लंडनला असता तर ते सत्तर हजार मागू शकला असता.” आणि तिने ‘डी अँड सी बिल्डर्स विरुद्ध रीस’ सांगितला. रंगारी आणि प्लंबर अशा दोघांची छोटी कंपनी. रीस यांच्याकडे ४८२ पौंड येणं. कंपनी अडचणीत आहे हे रीसबाईंना माहीत होतं. त्यांनी ३०० पौंड पुढे केले, हे घ्या नाहीतर काहीच नाही, आणि पूर्ण हिशेब मिटला असं लिहून घेतलं. १९६५ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने उरलेले पैसे मागण्याचा त्या दोघांचा हक्क मान्य केला. ज्या फोक्सच्या नियमाला आपण तासभर नावं ठेवत होतो, त्याच नियमाने ती छोटी माणसं वाचली.

मी माझं म्हणणं मांडलं. नवं काही दिलं का, हा प्रश्नच चुकीच्या जागी आहे. धाक होता का, एवढं विचारावं. खटल्याचा वृत्तांत लिहिणाऱ्या कॅम्पबेलच्या नोंदीत स्टिल्कने धाक घातल्याचं कुठे नाही, त्याला पगार मिळाला असता. विल्यम्सलाही मिळाला असता. रीसबाईंनी धाक घातला, त्यांना पूर्ण भरावे लागले असते. आर्थिक दबावाचा बचाव इंग्रजी कायद्याने १९७० नंतर उभाही केला आहे. मग मोबदल्याची ही जुनी चाळणी कशाला?

“दबाव सिद्ध कोणी करायचा?” मेधाने विचारलं. “नानांनी. आपल्याकडेही तशी पावती कोर्ट बाजूला सारू शकतं, पण त्यासाठी साक्षीपुरावा हवा, तारखा हव्यात, वकील हवा. जुन्या नियमात नानांना फक्त दोन आकडे दाखवावे लागतात. येणं २ लाख १०, मिळाले १ लाख ४०.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. माझं मत बदललेलं नाही, पण पाकिटातल्या त्या घड्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

निघता निघता नाना म्हणाले की चालू कामावर घरमालकाने परवा फोनवर सांगितलं, गणपतीच्या आत ठरल्याप्रमाणे पुरं करा, पंचवीस हजार वर देतो. हे चालेल का?

पक्या म्हणाला, कठीण आहे. १८७७ मध्ये मुंबई हायकोर्टात रामचंद्र चिंतामण नावाचे वकील असेच अडकले होते. ठरलेली फी घेऊन वकीलपत्र घेतलं, मग पक्षकार काळू राजू म्हणाला, जिंकलात तर इनाम देईन. जिंकले. इनाम मिळालं नाही, कारण जीव ओतून काम करायला ते आधीच बांधलेले होते.

“मग काहीतरी नवं घाला,” मेधा म्हणाली. “कितीही छोटं.”

नानांनी कानामागची पेन्सिल काढली, माझ्याकडून वहीचं पान घेतलं आणि पायरीवर टेकवून लिहिलं: ‘माळ्याला एक दार जास्त, लॅमिनेट पार्टीच्या पसंतीचं, वाढीव रक्कम रुपये २५,०००.’ खाली दोन सह्यांसाठी जागा सोडली. घरमालक जवळच राहतो. नाना तिथूनच त्याच्याकडे गेले.